शेवाळ राहू द्या

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईच्या हाती घर दिलं की घराचं काय होतं, हे बघायचं असेल तर सिस्टरांकडे एकदा जाऊन यावं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत, दुकानात, एवढंच काय मुलाच्या मित्रांमध्येही त्यांना अजून सिस्टरच म्हणतात. त्यांच्याकडे चमचे उकळून वाळवले जातात. पाहुणा उठून गेला की तो टेकला होता त्या उशीचा अभ्रा धुवायला पडतो, आणि पाहुणा फार वेळ बसणारा असला तर त्याच्यादेखतही पडतो. "आमच्या घरात जंतू येतात तेसुद्धा पाय धुऊन," असं मुलगा म्हणतो. मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, आणि आयुष्यात त्याने एकच धोरण सांभाळलं आहे, ते म्हणजे कुणाशी वाकडं घ्यायचं नाही.

अशा घरात दोन वर्षांपूर्वी सून आली. ती लिफ्ट दुरुस्त करते. कमरेला पान्यांचा पट्टा बांधून इमारतींच्या खड्ड्यांत उतरते आणि संध्याकाळी बोटांच्या पेरांत ग्रीस घेऊन घरी येते. सिस्टर त्या ग्रीसबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी नखांचा एक ब्रश आला, इतकंच. सूनही काही बोलली नाही. तिने ब्रश वापरायला सुरुवात केली.

दोघींचं सगळं असंच चालायचं. एकमेकींशी इतक्या गोड वागत की ऐकणाऱ्याला रक्तातली साखर तपासून घ्यावीशी वाटे. "आई, राहू द्या, मी करते." "अगं, तू दमून आलीस, मी करते." "अहो, खरंच राहू द्या." "अगं, त्यात काय एवढं." मग जिच्या हाताला ते काम आधी लागे, ती ते उरकून टाके. बहुतेक वेळा सिस्टरच. दोन वर्षांत एकीने दुसरीला 'हे कर' किंवा 'हे करू नको' असं सरळ एकदाही सांगितलं नव्हतं. सासूसुनांची भांडणं ऐकून कान किटलेल्या शेजारणींना याचं मोठं कौतुक. सिस्टरांनाही आधी होतं. पण अलीकडे त्यांना आतून टोचायला लागलं होतं, कारण सून घरात राहायची ती पाहुणी राहते तशी. कपाट उघडायच्या आधी विचारायची. खिडकी लावायच्या आधीसुद्धा विचारायची. हसायची, पण पाहुणे हसतात तसं, बेताने.

त्या घरात सुनेची म्हणावी अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे माशांची टाकी. हॉलच्या कोपऱ्यात, लोखंडी स्टँडवर, दोन फूट लांबीची. आत झाडं, एक वाकडंतिकडं लाकूड, निळ्या-लाल रेघेचे दहाबारा चपळ मासे, आणि तिचा जीव की प्राण असलेले सहा छोटे मासे. बोटाच्या दोन पेरांएवढे, मातकट, अंगावरून एक काळी रेघ गेलेली. दुकानात त्यांना ओटो म्हणतात. खरं तर हे मांजरमाशांच्या कुळातले, पण मांजराची मिजास यांच्याकडे नावाला नाही. काचेला नाहीतर पानाला तोंडाने चिकटायचं आणि दिवसभर त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं, हाच त्यांचा संसार. सून त्यांना चिकटू म्हणायची. कामावरून आली की पाव तास त्यांच्यासमोर बसायची, आणि तेवढा पाव तास तिचे खांदे सैल पडलेले सिस्टरांना दिसायचे. हे मासे फार नाजूक, असं ती म्हणे. या आधी तीन वेळा तिने आणले होते, तिन्ही वेळा महिनाभरात मेले. ही चौथी खेप मात्र आठ महिने तगली होती.

मग कंपनीने तिला नव्या लिफ्टचं काम शिकायला दुसऱ्या शहरात पाठवलं. पाच आठवडे. जाताना तिने स्टँडला एक चिठ्ठी चिकटवली:

"आई, सकाळी चिमूटभर खाणं. दिवा आठ तास. आठवड्याने दोन मग पाणी बदलायचं. काचेवरचं शेवाळ मात्र राहू द्या, मी आल्यावर बघते. फिल्टरचं काही करायला लागू नये."

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना भरून आलं. बघा, जातानाही पोरीला माझ्याच कष्टांची काळजी! दोन वर्षं 'राहू द्या, मी करते' ऐकलेल्या बाईने 'शेवाळ राहू द्या, मी आल्यावर बघते' याचा दुसरा कुठला अर्थ घ्यावा? तो त्या घरचा नमस्कार-चमत्कारच होता. आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं: म्हटलेलं ऐकून घ्यायचं आणि काम करून टाकायचं.

तरी त्यांनी तीन दिवस कळ काढली. मागची काच सगळी हिरवी होती. पेपर वाचताना दिसे, जेवताना दिसे, डोळे मिटले तरी दिसे. चौथ्या दिवशी त्यांनी बाह्या सरसावल्या. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने काच खरवडली. गॉजच्या घड्या करून, चिमट्यात धरून, झाडाचं एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसलं. लाकूड दातांच्या ब्रशने घासलं. पाण्यात तरंगलेला सगळा हिरवा कचरा जाळीने गाळून काढला. मग मागे सरून पाहिलं. टाकी अशी लखलखत होती की आत पाणी आहे की नाही अशी शंका यावी. त्यांनी ठरवलं, सून येईपर्यंत एक दिवसाआड हे करायचं. आल्या आल्या तिचे डोळे दिपले पाहिजेत.

फिल्टर तेवढा राहिला. टाकीच्या मागच्या कडेला अडकवलेला तो काळा डबा एका नळीने पाणी ओढून घ्यायचा आणि पुढच्या ओठावरून परत टाकीत सोडायचा. त्याच्यावर बोटभर काळपट थर होता. पण तो विजेवर चालायचा, आणि वीज ही एकच गोष्ट अशी होती जिला सिस्टर घाबरत. फ्यूज उडाला तरी त्या मुलगा येईपर्यंत अंधारात बसून राहायच्या. तेव्हा डब्याला हात न लावता त्यांनी त्याच्याकडे फक्त रागाने पाहिलं.

सतरावा दिवस. सकाळचं ऊन टाकीवर आलं होतं, मुलगा दाढी करत होता, आणि सिस्टर पुढची काच शेवटचा हात मारून पुसत होत्या. एक ओटो आतून येऊन त्यांच्या अगदी नाकासमोर काचेला चिकटला. काच इतकी स्वच्छ होती की त्याचं पांढरं पोट, बारीक कल्ले, सगळं स्पष्ट दिसलं. सिस्टरांचा हात थांबला. पोट खपाटीला गेलं होतं. आयुष्यभर त्यांनी टेबलावर आडव्या पडलेल्या माणसांची पोटं पाहिली होती. उपाशी पोट त्यांना ओळखायला शिकवावं लागत नव्हतं.

"अरे, तुझं ते भिंग घेऊन ये," त्यांनी हाक मारली. आवाज असा काही निघाला की मुलगा अर्ध्या दाढीनेच आला.

भिंगातून दोघांनी पाहिलं. सगळ्यांची पोटं आत गेली होती. एकाचं तर इतकं की डोकं धडापेक्षा मोठं वाटत होतं.

"पण मी रोज खाणं घालते!" सिस्टर म्हणाल्या.

"ते निळे खातात की. हे कुठे वर येतात?"

"मग हे खातात काय?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि उत्तर चिठ्ठीवर होतं. त्यांनी ती पुन्हा वाचली. काचेवरचं शेवाळ मात्र राहू द्या. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली एकही सूचना त्यांनी चौतीस वर्षांत चुकवली नव्हती. 'यांना तोंडाने काही देऊ नये' असं लिहिलेलं वाचून 'डॉक्टर उगीच संकोच करताहेत' असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि घरच्या माणसाने स्वच्छ अक्षरात लिहिलेली सूचना त्यांनी शिष्टाचार म्हणून बाजूला सारली होती. माशांचं वाढलेलं ताट एक दिवसाआड खरवडून फेकून दिलं होतं, वर स्वतःची पाठही थोपटली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी मासे मोजले. पुन्हा मोजले. पाचच भरले.

"हे बघ," मुलगा गालावरचा साबण पुसत म्हणाला, "तिला आत्ता काही सांगू नकोस. शुक्रवारी तिची परीक्षा आहे. मी दुकानातून नवे सहा घेऊन येतो. सगळे एका साच्यातले तर दिसतात."

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना ते पटलंही. खोटं कशाला बोलायचं. पण थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी गॉज मोजतात. एक जरी कमी भरला तरी सिस्टरने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं असतं, समोर सर्जन कितीही तापट असो. जी सांगत नाही तिला पुन्हा त्या खोलीत कुणी उभं करत नाही. आणि हा एवढा एकच कोपरा त्या पोरीने या घरात आपला म्हणून धरला होता. तो आपण उजाड केला आणि वर तिला फसवायचं?

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "आणि स्पीकरवर ठेव. माझे हात ओले आहेत." हात कोरडे होते.

सुनेने फोन उचलला. सिस्टरांनी एका दमात सगळं सांगितलं. किती वेळा खरवडलं, कशाने पुसलं, पोटं कशी झाली आहेत, किती दिसतात. 'तुला आनंद व्हावा म्हणून' हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला, जणू तो या घरचा कुणी नव्हेच.

"आई," सून म्हणाली, आणि तो आवाज सिस्टरांनी कधी ऐकलाच नव्हता. लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला ओरडून सांगायचा आवाज. "सगळ्यात आधी हातातलं फडकं खाली ठेवा."

सिस्टरांनी पाहिलं. फडकं खरंच हातात होतं. "ठेवलं."

"आता मी येईपर्यंत काचेला हात लावायचा नाही. पानांना नाही. लाकडाला नाही."

"काच नाही, पानं नाहीत, लाकूड नाही."

"फिल्टर उकळला का?"

"विजेच्या वस्तूला मी हात लावत नाही."

"देव पावला!" पलीकडे एक लांब श्वास सुटला. "फिल्टर उकळला असता तर पाणी शुद्ध ठेवणारे त्यातले जंतू मेले असते, पाणीच नासलं असतं, सगळेच गेले असते. आता लिहून घ्या. काकडीची चकती, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार करून काट्याच्या चमच्याला टोचून तळाशी सोडायची. चार तासांनी काढायची, सडू द्यायची नाही. दिवा आठऐवजी दहा तास. आणि दोन काचेच्या बरण्यांत टाकीतलं पाणी आणि चारचार गुळगुळीत गोटे घालून उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठदहा दिवसांत त्यांच्यावर शेवाळ धरेल. ते गोटे आळीपाळीने टाकीत. कळलं?"

"काकडी दोन मिनिटं, चार तास. दिवा दहा. बरण्या दोन, गोटे आठ," सिस्टरांनी केसपेपर वाचावा तसं परत म्हणून दाखवलं.

"बरोबर. आणि सहावा शोधा. मला क्लासला जायचंय." फोन बंद झाला. 'राहू द्या' नाही, 'तुम्हाला उगीच त्रास' नाही.

मुलगा घाबरत म्हणाला, "चिडली वाटतं."

"चिडली," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की छातीवरचा एक धोंडा उतरला आहे. सांगून झालं होतं. आणि पुढे काय करायचं ते माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. कुणीतरी ठाम आवाजात सांगायचं आणि त्यांनी ते अचूक करायचं. दोन वर्षं त्या घरात चाचपडत होत्या त्या एवढ्याचसाठी, की सुनेला काय हवं ते कुणी सांगतच नव्हतं.

काकडी गेली. दोन मासे चकतीला येऊन चिकटले, तिसऱ्याने फेरी मारून नापसंती कळवली. पण सहावा काही सापडेना. सिस्टरांनी लाकडाखाली पाहिलं, झाडांच्या मुळाशी पाहिलं, टाकीतून उडी मारून पडला असेल म्हणून स्टँड हलवून, गुडघे टेकून सगळी फरशी पाहिली. फरशीवर अर्थात काहीही नव्हतं. त्या घरच्या फरशीवर मुंगीसुद्धा हरवून राहू शकत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी मनातल्या मनात त्या एकाचं पाप आपल्या नावावर लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचाच फोन आला. "सापडला?"

"नाही गं. मला वाटतं, गेला तो."

"फिल्टरच्या डब्यात पाहिलंत?"

"तिथे कसा जाईल?"

"पाणी पडतं त्या ओठावरून चढतात कधी कधी. चिकटू आहेत ते. प्लग काढा आणि झाकण उघडा."

"तुझा नवरा आला की सांगते त्याला..."

"तो रात्री येणार. आई, मी बारा मजली खड्ड्यात उतरते. तुम्हाला एक प्लग काढायचाय."

असं सिस्टरांना मेट्रननंतर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पायात रबरी चपला चढवल्या, हाताला कोरडा टॉवेल गुंडाळला, मान शक्य तितकी लांब ठेवली आणि प्लग ओढला. काही झालं नाही. त्यांनी डब्याचं झाकण उचललं. आतली बाजू हिरव्या-तपकिरी बुळबुळीत थराने माखलेली होती, सगळ्या घरात स्वच्छतेच्या तावडीतून सुटलेली ती एकमेव जागा. आणि त्या थरावर, एखाद्या सुखी सावकारासारखा, सहावा ओटो आरामात चिकटून बसला होता. पोट गच्च भरलेलं, गोल. बाकीचे पाच बाहेर उपाशी असताना हा पठ्ठ्या दोन आठवडे पंगतीला बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आहे!" सिस्टर ओरडल्या. "आहे गं, आहे! फुगलाय नुसता!" आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात, त्यांचा त्या डब्यात पडला. पलीकडे सून हसत होती, बेताने नव्हे, अगदी खदाखदा. मासा तसाच डब्यात, दोघी फोनवर हसताहेत, आणि हसता हसता सिस्टरांचे डोळे गळायला लागले.

"त्याला अलगद पेल्यात घेऊन खाली सोडा," सून म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आई, रडताय का?"

"नाही. हो. अगं, पाच जणांना मी उपाशी ठेवलं."

"मी अठरा जणांना ठेवलंय. आधीचे तिन्ही वेळचे मासे कशाने मेले असं वाटतं तुम्हाला?"

"नाजूक असतात म्हणून."

"मी टाकी घासायचे म्हणून. रोज. तुम्ही आंघोळीला गेलात की." तिचा आवाज खाली आला. "एवढ्या स्वच्छ घरात माझीच टाकी तेवढी हिरवी दिसते, तुम्हाला काय वाटेल, असं वाटायचं. तिसऱ्या वेळचे मेले तेव्हा दुकानदाराने सांगितलं कारण. मग ठरवलं, मागची काच घाण ठेवायची, सासूबाईंना आवडो न आवडो. या घरात एवढी एकच गोष्ट मी माझ्या मनाने केली."

सहाव्या माशाचं तोंड त्या थरावर एका लयीत हलत होतं, सिस्टर ते बघत राहिल्या. त्यांनी तर एकदाही म्हटलं नव्हतं, टाकी घाण दिसते म्हणून. म्हणायची गरजच पडली नव्हती. बेसिनपाशी ब्रश ठेवला तेवढं पुरलं होतं.

"मला वाईट वाटतंय," त्या शेवटी म्हणाल्या. त्या घरात इतकं साधं वाक्य कुणी फारसं बोलत नसे.

"मलाही वाटत होतं," सून म्हणाली. "सांगितल्यावर बरं वाटलं. आता त्याला सोडा खाली."

त्यानंतरचे दिवस म्हणजे सिस्टरांच्या मते हवापालटच. खिडकीत दोन बरण्या बसल्या. बोळ्याने पुसल्याशिवाय बरणी फळीवर न ठेवणारी बाई आता रोज सकाळी गोटे हिरवे झाले का ते बघू लागली, आणि झाले नाहीत म्हणून हिरमुसू लागली. समोरच्या बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या खिडकीत शेवाळलेली बरणी? तब्येत बरी आहे ना?" सिस्टरांनी सांगितलं, "पेशंटचं पथ्य आहे ते." आणि बाई बसल्या होत्या त्या उशीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

मुलाने भिंग घरीच ठेवलं. सिस्टरांनी एका वहीत तक्ता आखला. मासे ओळखायला शिकल्या: शेपटीला चीर असलेला एक, रेघ तुटलेला दोन, अशी खूण करत सहापर्यंत. पोट आत, पोट सपाट, पोट गोल, असे तीन रकाने. रोज दुपारी सुनेला अहवाल जायचा. सून उलट विचारायची, सिस्टर उत्तर द्यायच्या, सून म्हणायची "काकडी जास्त झाली, कमी करा," सिस्टर म्हणायच्या "बरं." एकदा सिस्टरांनी पाणी दोनऐवजी चार मग बदललं तर त्यांना असा चाप बसला की मुलाने स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. सिस्टर मात्र खुशीत होत्या. "पोरगी सर्जन व्हायची," त्या म्हणाल्या, "वाया गेली लिफ्टमध्ये."

फक्त तीन नंबर खात नव्हता. सगळ्यात खंगलेला तोच. काकडीकडे ढुंकून बघेना. पानाच्या मागे चिकटून असायचा, आणि मधूनच पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेऊन परत जायचा. चार, पाच आणि सहा गोल झाले, एक आणि दोन सपाटीला आले, पण तीनचा रकाना हलेना. सिस्टरांनी त्या काळात किती वेळा त्याच्यासमोर खुर्ची ओढली त्याचा हिशेब नाही. अशा पेशंटशेजारी त्या पूर्वीही बसल्या होत्या. औषध देऊन झालेलं असतं, करण्यासारखं काही उरत नाही, आणि उठवत तर नाही.

बरण्या ठेवल्यापासून अकराव्या दिवशी गोट्यांवर मऊ हिरवी साय धरली. सिस्टरांनी त्यातले दोन उचलले, हात अगदी स्थिर ठेवून टाकीत उतरवले, एक मुद्दाम त्या पानाखाली. मग श्वास रोखून बसल्या. अर्धा तास काही नाही. मग तीन नंबर पानावरून सुटला, घसरल्यासारखा खाली आला आणि गोट्याला टेकला. त्याचं तोंड हललं. थांबलं. परत हललं, आणि मग हलतच राहिलं. त्याच्यामागे हिरव्यात एक पुसटशी स्वच्छ वाट उमटत गेली.

सिस्टरांनी सुनेला फोन लावला. ती कुठल्याशा यंत्रापाशी होती, मागे घरघर चालली होती.

"तीन नंबर जेवतोय," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"तीन नंबर जेवतोय!" त्या अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर पाहिलं.

"जेवू दे! मजा कर म्हणावं त्याला!" सुनेने तितक्याच मोठ्याने सांगितलं, आणि मग मागे कुणालातरी म्हणाली, "सासूबाई आहेत माझ्या. नाही, घरी सगळं ठीक आहे. सगळं एकदम ठीक आहे."

छत्तिसाव्या दिवशी दुपारी सून आली. सिस्टर दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या. सून सामान दारातच टाकून थेट टाकीपाशी गेली. मागची काच हिरवीगार होती, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातही हिरवं धरलं होतं. ती खाली वाकली आणि बोटाने मोजू लागली. एक, दोन, लाकडावर तीन, चार, गोट्यावर पाच. सहावा मागच्या काचेवर, गच्च पोटाचा. तिने कपाळ काचेला टेकवलं आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा काचेवर कपाळाचा डाग उमटलेला होता. सिस्टरांचा हात आपसूक फडक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. सुनेने ते पाहिलं.

"जमलं तुम्हाला," ती म्हणाली.

"माशांचं जमलं. तुझं कुठे जमलंय?" सिस्टर खुर्चीवर बसल्या. हे वाक्य त्यांनी आठवडाभर मनात घोळवलं होतं. "तू अठरा मासे मारलेस माझ्या धाकाने, आणि मला पत्ता नाही. अजून काय काय सोसतेस, ते आज सांगून टाक. मासे परत आणता येतात. तू निघून गेलीस तर मी काय करू?"

"मी कुठे जाणार?"

"घरात असून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. सांग."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मुलगा चहा घेऊन येत होता. तो दारातच थबकला आणि कप घेऊन हळूच मागे फिरायला लागला.

"सगळं सांगू?" सून म्हणाली. "राग येईल."

"येऊ दे की. गिळीन, नाहीतर चिडेन. काहीतरी करीन."

"सकाळी साडेपाचला तुम्ही आमच्या खोलीच्या दाराची कडी स्पिरिटने पुसता. खडखड वाजते. मला जाग येते. मग झोप लागत नाही."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"मलाही जाग येते," मुलगा दारातून म्हणाला.

"तू गप बस," दोघी एकदम म्हणाल्या.

सिस्टरांचा चेहरा लाल झाला होता; रागाने की लाजेने ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी हात लांब करून सुनेचा ग्रीसने काळवंडलेला हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"उद्यापासून कडी नाही," त्या म्हणाल्या. "पुढे?"

सुनेने पायातले बूट तिथेच हॉलमध्ये काढून टाकले, जमिनीवर मांडी ठोकली, आणि पुढचं सांगायला लागली.